पक्षाघातानंतरचा रोबोटिक हातमोजा: मिरर मोड असेल तरच घ्या

ऑनलाइन मिळणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या या हातमोज्यांची रचना साधी आहे: पंपाची पेटी, नळ्या आणि प्रत्येक बोटाच्या पाठीवर घडीदार फुगा. हवा भरली की फुगा लांबतो आणि बोट मिटतं; हवा खेचली की फुगा आक्रसतो, बोट सरळ होतं. खरी मेख इथेच आहे. भरण्याचा दाब वाढवता येतो, पण खेचण्याचा जोर वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊ शकत नाही. रुग्णाला बहुतेकदा नेमकं उघडणंच जमत नसतं, आणि यंत्र तिथेच कमी पडतं. स्नायूंचा ताठरपणा 0 ते 4 असा मोजणाऱ्या सुधारित ॲशवर्थ मोजपट्टीवर तो 3 किंवा जास्त असेल, तर मोजा चढवतानाच दमछाक होते.

चढवताना बोटं ओढू नका. मनगट आधी तळहाताच्या बाजूला वाकवा, म्हणजे बोटांचे स्नायू सैल पडतात. अंगठा टोकाला नव्हे, बुडाशी धरून बाहेर काढा आणि मग मोजा सरकवा. फुग्याचा बाक बोटाच्या सांध्यावरच यायला हवा. मोजा सैल असेल तर बोट वाकण्याऐवजी नुसतं ढकललं जातं. हाताला संवेदना नसेल तर घट्ट वेल्क्रो रुतलेला कळत नाही, म्हणून काढल्यावर कातडी रोज बघाच. हात सुजलेला, लाल आणि दुखरा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

नुसती आपोआप उघडझाप सांधे आखडू नयेत एवढ्यापुरती बरी. रुग्ण टीव्ही बघत बसला तर मेंदू काहीच शिकत नाही. मिरर मोडमध्ये चांगल्या हातातल्या सेन्सरच्या मोज्यामागोमाग अधू हात हलतो. तिथे रुग्णाने स्वतः जोर लावायचा असतो. त्यासाठीच पैसे मोजावेत.

अपेक्षाही बेताची ठेवा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या रॅटल्स चाचणीत 770 रुग्ण होते. 45 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे यंत्रावर सराव करूनही हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारलं नाही. ती यंत्रं या मोज्यांहून कितीतरी मोठी होती. म्हणून मोजा काढल्यावर लगेच पेला धरणं, टॉवेल पिळणं असा खरा सराव हवा. अंगठ्याचा फुगा अंगठा वाकवतो, बाजूला उघडत नाही. चिमूट हातानेच शिकवावी लागते.

एकच बोट मंदावलं तर त्याच्या नळीचा जोड आणि फुग्याची घडी तपासा. पाचही मंदावली तर दोष मुख्य जोडात किंवा पंपात असतो. सुटा मोजा वेगळा विकत मिळतो का, हे घेण्याआधीच विचारून घ्या. आधी फाटतो तो मोजाच.