गेन मल्टिमीटरने लावला, त्याला आठ महिने झाले

गाडीतल्या अ‍ॅम्पचा (स्पीकरना ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू, आधी मीही कानानेच लावायचो. ओळखीचं गाणं लावायचं, आवाज फाटेपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि मग जरासा मागे घ्यायचा. दारातल्या स्पीकरना हे एक वेळ चालतं. सबचं, म्हणजे खोल बास वाजवणाऱ्या सबवूफरचं, फाटणं मात्र कानाला फार उशिरा कळतं, आणि गाडी पळत असताना तर कळतच नाही. म्हणून मल्टिमीटर आणि टेस्ट टोन (एकाच स्थिर सुराची फाइल) हाती घेतले. या आठ महिन्यांत सबचा गेन तीनदा लावून झाला, त्यातला पहिला सपशेल चुकला होता.

माझ्याकडे दारांसाठी चार चॅनेलचा अ‍ॅम्प आहे, 4 ओहमवर चॅनेलमागे 75 वॅटचा. डिकीत सबसाठी मोनो अ‍ॅम्प आहे, 2 ओहमवर 500 आणि 4 ओहमवर 300 वॅट देणारा.

हिशेब शाळेतलाच आहे. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. दारांसाठी 75 गुणिले 4 म्हणजे 300, वर्गमूळ 17.3. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढायच्या, डेकचे (डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेअरचे) बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर आणायचं, अ‍ॅम्पवरचा बास बूस्ट बंद करायचा आणि गेन तळाला न्यायचा. डेकचा आवाज आपण कधीही ज्याच्या वर नेणार नाही तिथे ठेवायचा, माझ्याकडे 40 पैकी 32. मग टोन चालू करून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रोब स्पीकर टर्मिनलांना लावायचे आणि 17.3 दिसेपर्यंत गेन हळूहळू चढवायचा. प्रोब घट्ट धरा. घसरून दोन टर्मिनलं एकमेकांना चिकटली तर अ‍ॅम्पचं आउटपुट शॉर्ट होतं.

दारांसाठी सहसा 1000 हर्ट्झचा टोन सांगतात. पण माझ्या साध्या मीटरच्या माहितीपत्रकात एसीची अचूकता 400 हर्ट्झपर्यंतच दिलेली होती. म्हणून खालचे सूर अडवणारा हाय पास फिल्टर तात्पुरता बंद केला आणि 100 हर्ट्झवर मोजलं. स्पीकर जोडलेले नसतातच, त्यामुळे त्यांना धोका नाही. नंतर फिल्टर आठवणीने परत चालू केला. दारांचा विषय तिथेच संपला, आजवर हात लावावा लागलेला नाही.

घोळ झाला तो सबचा. माझ्या सबला 2 ओहमच्या दोन कॉइल आहेत आणि मी त्या सिरीजमध्ये जोडल्या आहेत, म्हणजे अ‍ॅम्पला 4 ओहम दिसतात. हिशेब 300 गुणिले 4, वर्गमूळ 34.6 असा हवा होता. पण अ‍ॅम्पच्या खोक्यावर 500 हा आकडा ठळक छापलेला, तोच डोक्यात बसला. 500 गुणिले 4 केलं, उत्तर आलं 44.7, आणि मीटरवर तेवढे व्होल्ट मिळालेसुद्धा! मला वाटलं, जमलं.

मीटरला तरंगाचा आकार दिसत नाही. अ‍ॅम्पची ताकद संपली की तरंगाचा माथा सपाट होतो, पण सपाट तरंगाचा आकडा मीटर वाढीवच दाखवतो. पूर्ण चौकोनी झालेला तरंग तेवढ्याच उंचीच्या शुद्ध तरंगाच्या दुप्पट ताकद कॉइलमध्ये ओततो. तीन आठवड्यांनी एका लांबच्या प्रवासात डिकीतून जळकट वास आला. गाडी बाजूला घेऊन सब बंद केला. कॉइल वाचली, पण ती माझ्या हुशारीने नव्हे.

दुसऱ्यांदा लावताना एक गोष्ट ध्यानात आली, जी पहिल्या वेळीही डोळ्यांसमोर होती. 35 च्या आसपासपर्यंत स्क्रू जरा फिरवला की व्होल्ट भराभर चढतात. त्यापुढे तेवढाच फिरवला तरी आकडा रखडत सरकतो. हा रखडलेला आकडा म्हणजे क्लिपिंग, अर्थात तरंगाचा माथा कापला जाणं, सुरू झाल्याची खूण. मागून घेतलेल्या ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर तरंगाचा माथा तिथेच चपटा व्हायला लागत होता. त्याच बैठकीत डेकही तपासला. तो स्वतः 37 ला क्लिप होत होता, म्हणजे माझे 32 सुरक्षित होते. डेकच फाटका आवाज पाठवत असेल तर अ‍ॅम्पचा गेन कितीही नेमका लावा, काही उपयोग नाही.

34.6 वर सब निर्धोक झाला, पण मिळमिळीत वाटायला लागला. कारण टोन 0 डीबीचा, म्हणजे फाइलमध्ये मावेल तेवढ्या कमाल उंचीचा होता. गाण्यांतला बास सतत तेवढ्या उंचीवर नसतो, त्यामुळे अ‍ॅम्पची बरीच ताकद पडून राहते. दोन महिने तसंच ऐकलं. मग तिसऱ्यांदा उणे 5 डीबीचा, म्हणजे त्याहून हळू, 50 हर्ट्झचा टोन घेऊन तेच 34.6 व्होल्ट लावले. आता एखाद्या गाण्याचा बास 0 डीबीपर्यंत गेला तर अ‍ॅम्प क्लिप होणार, हे उघड आहे. तशी गाणी लागली की मी सबची पातळी डेकवरून उतरवतो. उणे 10 चा टोनही काहीजण वापरतात. माझ्या मते ज्याला आवाज कमी करायची सवय नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

टोन पेन ड्राइव्हवरून वाजवा, डब्ल्यूएव्ही फाइल घेऊन. माझ्या डेकवर ब्लूटूथचा आवाज पेन ड्राइव्हपेक्षा हळू येतो. ब्लूटूथवर गेन लावला असता तर पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर सगळं हाताबाहेर गेलं असतं. शिवाय इंजिन चालू ठेवून मोजा, अर्थात मोकळ्या जागेत. बंद गाडीत अ‍ॅम्पला 12.6 व्होल्ट मिळतात आणि चालू गाडीत 14 च्या वर. एक मर्यादा तरीही उरते. स्पीकर काढून मोजलेले व्होल्ट स्पीकर जोडल्यावर, जोराच्या ठोक्याला व्होल्टेज खाली बसलं की, तितके टिकतीलच असं नाही. म्हणून मीही आता 34.6 ऐवजी 33 वर थांबलो आहे. फरक कानाला कळत नाही.

गेल्या महिन्यात परत मोजलं. डिकीतल्या हादऱ्यांनी स्क्रू सरकला असेल असं वाटलं होतं, पण आकडा 32.8 निघाला. लांबच्या प्रवासानंतर डिकी उघडून वास घेतो, काही नसतो. नंबर प्लेट मात्र अजून खडखडते, आणि त्याला मल्टिमीटर काही करू शकत नाही.