आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट) डिझाईनच्या एक्सेल शीट्स घेतल्या, तीन स्टार

कर्वे रोडला एका ओळखीच्या ऑफिसातून हा सेट विकत घेतला, बीम, कॉलम, स्लॅब, फुटिंग सगळं आहे. स्लॅबची शीट खरंच मस्त, स्पॅन आणि लोड टाकला की ८ मिमीचा बार (सळई) किती अंतरावर ते लगेच येतं, डिफ्लेक्शनचा (स्लॅब किती वाकेल त्याचा) चेकही आहे.

पण बीमच्या शीटने घाम फोडला. कोथरूडच्या साईटचा २३० बाय ४५० मिमीचा बीम, एम२५ काँक्रीट, इफेक्टिव्ह डेप्थ (वरच्या कडेपासून खालच्या सळ्यांच्या मध्यापर्यंतची खोली) ४१५ मिमी, लिस्टमधून एफई५०० ग्रेडचं स्टील निवडलं तर लिमिटिंग मोमेंट (या मापाच्या बीमला डिझाईनमध्ये धरता येणारा जास्तीत जास्त वाकवणारा मोमेंट) १३६.७ केएन-मीटर आला, हाताने केला तर १३१.७! मग सेल उघडून बघितला तर फॉर्म्युल्यात ०.१३८ ठोकून दिलेला, तो एफई४१५ चा आकडा आहे हो, ५०० ला ०.१३३ लागतो, म्हणजे ती लिस्ट नुसती शोभेची. आणि शीट लॉक, पासवर्डसाठी दोन दिवस फोन करत बसलो.

आयएस ४५६ (आरसीसीचा भारतीय कोड) चे क्लॉज नंबर बाजूला लिहिलेत ते मात्र आवडलं, ज्युनिअर पोरांना समजावताना बरं पडतं. डक्टाईल डिटेलिंगचं (भूकंपात बांधकाम एकदम तुटू नये म्हणून सळ्यांची खास मांडणी) काहीच नाहीये, पुणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये असून! ते त्याच्या कोडवरून, आयएस १३९२० वरून आपलं आपणच बघा. घ्यायचा असेल तर आधी एक जुना, हाताने सोडवलेला बीम टाकून बघा.