वसईतला फ्रेमवाला आणि साडीतली मरिया

आंजेलो द फोन्सेकांच्या चित्राची छापील प्रत मढवायची होती. साडी नेसलेली मरिया, जवळ बाळ येशू. आधी विचारलं त्या दुकानांत सोनेरी नक्षीची पट्टी पुढे आली, देवाच्या फोटोला हीच शोभते म्हणे. बाजारातल्या या छोट्या दुकानातल्या काकांनी मात्र चित्र उजेडात धरलं आणि म्हणाले, "रंग फार हळू आहेत, जाड पट्टी घातली तर मरतील."

अगदी खरं. फोन्सेका मूळचे गोव्याचे. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकले. शिकून गोव्यात परतले, तर तिथल्या सनातनी कॅथलिकांना त्यांची भारतीय मरिया सहन झाली नाही. शेवटी ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात जाऊन राहिले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृतीला उपासनेची दारं उघडली ती 1962 ते 65 मध्ये. फोन्सेका 1967 मध्ये गेले.

काकांनी सागाची बारीक पट्टी आणि साय रंगाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, सुचवला. माउंट कापताना डोक्यामागचं तेजोवलय झाकलं जाऊ नये म्हणून वरची बाजू दोनदा मापली. काच कागदाला टेकू दिली नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून कागद काचेला चिकटतो, हे त्यांनीच सांगितलं. मागून टेपने सगळीकडून बंद केलं. काम देखणं झालंय. मागचा हुक मात्र नाजूक निघाला, तो बदलून घ्यावा लागला. दिलेल्या तारखेला फ्रेम तयार नव्हती, तेव्हा सणाच्या तोंडावर जाऊ नका.

घरी आल्तारावर, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर, फ्रेम ठेवली तशी मावशी म्हणाली, "ही आपली मरिया नव्हे गं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. परधर्माचे म्हणून हिणवले गेलेले लोक आपल्या खुणा घट्ट धरून ठेवतात, जुन्या तसबिरींतल्या मरियेचा निळा झगा त्यातलाच एक. ते मला समजतं. पण माझी आजी जन्मभर लाल लुगडं नेसून जपमाळ म्हणत आली. तिच्या प्रार्थनेत काही कमी होतं असं मावशीही म्हणणार नाही. मग मरियेलाच साडीची मनाई का?

फ्रेम आल्तारावरच आहे. मावशी संध्याकाळच्या प्रार्थनेला येते, तेव्हा जुनी तसबीरही शेजारी असते. त्या तसबिरीची पट्टी वाळवीने खाल्लीय, तीही याच काकांकडे देणार आहे.