गुडघ्याखालचा पट्टा : चार महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर अर्धमॅरेथॉनच्या तयारीत मी आठवड्याचे 30 किलोमीटर एकदम 48 वर नेले आणि डाव्या गुडघ्याने तिसऱ्याच आठवड्यात त्याचा हिशेब मागितला. वाटीच्या खालच्या टोकाशी, अंगठ्याने दाबले तर नेमका सापडेल अशा एकाच बिंदूवर दुखत असे. बडोद्यातील कमाटीबागेची पहिली फेरी संपेपर्यंत ते ओसरायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दामदुपटीने परत यायचे. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचे, म्हणजे पाटेलर टेंडनचे, हे दुखणे आहे, असे निदान झाले.

रावपुऱ्यातील एका दुकानातून मी 480 रुपयांना हा पट्टा घेतला. दुकानदाराने तो थेट वाटीवर आवळून दिला आणि मीही आठवडाभर तसाच बांधून पळत राहिलो, तेव्हा फायदा शून्य! पट्ट्याची आतली उशी वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्याच्या वर, कंडरेवरच बसली पाहिजे, हे मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी बोट ठेवून दाखवले. तशी बसवल्यावर दाबामुळे कंडरेवरचा ताण थोडा वेगळ्या रीतीने विभागला जातो आणि दुखणे बरेच सुसह्य होते. माझ्या बाबतीत हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. मात्र वाटीच्या मागे किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर ते दुखणे बहुधा वेगळे असते आणि या पट्ट्यावर पैसे घालवण्यापूर्वी निदान करून घ्यावे.

पट्टा कंडरा बरी करत नाही, हे वेष्टनावर कुठेही छापलेले नाही. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, तिची झीज सावकाश भरून निघते, आणि ती भरून निघण्यासाठी विश्रांतीपेक्षा मोजून वाढवलेला भार लागतो. ताईंनी आधी व्यायामशाळेतील यंत्रावर पाय अर्धवट सरळ करून 45 सेकंद तसाच धरायला लावला, असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटांची उसंत घेऊन. पुढे 25 अंशांच्या उतारावर एका पायाने सावकाश बसण्याच्या 15-15 च्या तीन फेऱ्या आल्या. हा उतार विकत घेण्याची गरज नाही: 30 सेंटीमीटर लांबीच्या फळीचे एक टोक पावणेतेरा सेंटीमीटर उचलले की तो साधतो, आणि टाच उंच टोकाकडे ठेवायची. (आमच्या आईने ती फळी दोनदा गौरीच्या आराशीच्या सामानात नेऊन ठेवली.) व्यायामात थोडे दुखले तरी चालते, दुसऱ्या दिवशीच्या जिन्यावर ते वाढले नाही, एवढे पाहायचे. सुमारे तीन महिने लागले.

आता पट्ट्याच्या दर्जाविषयी. शिवण चांगली आहे, परंतु वेल्क्रोत मोज्यांचा भुसा अडकून दोन महिन्यांतच त्याची पकड सुटू लागली आणि अकोटा पुलावर तो दोनदा घोट्यापर्यंत घसरला. बडोद्याच्या उकाड्यात घामाने आतले कापड आंबट वास मारते व कातडीवर लाल वळ उठतो. रोज धुवावाच लागतो. माप घेताना वाटीच्या खालचा घेर मोजावा, मांडीचा नव्हे.

सध्या मी तो फक्त रविवारच्या लांब पल्ल्याला बांधतो. पाचपैकी तीन तारे, आणि त्यांतला एक केवळ त्या पहिल्या दिवसाच्या आरामासाठी.