बीपीची गोळी बंद करायला लावली आणि आईला लकवा मारला

लाज वाटते सांगायला, कारण घरात शिकलेला मीच आणि पैसे पण मीच दिले. आमच्या गावात मंगल कार्यालयात फुकट 'फुल बॉडी चेकअप' शिबिर होतं. हातात एक धातूची दांडी धरायला देतात, तिची वायर लॅपटॉपला, दोन मिनिटांत तीसेक पानांचा रिपोर्ट. आईच्या रिपोर्टात 'मेंदूच्या नसा ३८ टक्के ब्लॉक'. दांडी धरून नसा दिसल्या असत्या तर सीटी स्कॅनची मशीनं कुणी घेतली असती का, पण तेव्हा हे डोक्यातच आलं नाही, आणि शिबिरातले साहेब इतके गोड की पहिल्या भेटीत आईला 'माई'. तीन महिन्यांचा काढा आणि थेंब, १४,५०० रुपये. बीपीची गोळी लगेच बंद, म्हणे तिनेच नसा कडक होतात.

आईचं वय ६१, बीपी दहा वर्षांपासून, वर मिश्रीची सवय. लकव्याच्या कारणांत बीपी एक नंबरला, आणि ते दुखत नाही खुपत नाही, त्यामुळे गोळी सोडली तरी काही दिवस माणसाला बरंच वाटतं. साहेब त्यालाच 'गुण आला' म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप हातातून सुटला, उजवा हात लुळा, जीभ जड, आणि दहा मिनिटांत सगळं जिथल्या तिथे. मी साहेबांना फोन केला तर म्हणे शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे, डोस वाढवा. आणि आम्ही वाढवला!! डॉक्टरांकडून नंतर कळलं, हा छोटा झटका असतो, टीआयए म्हणतात, गुठळी अडकते आणि सुटते, मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या एकदोन दिवसांत सगळ्यात जास्त, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आईला मोठा झटका चौथ्या दिवशी आला. सकाळी ७ ला फुलं तोडताना तोंड वाकडं, बोलणं बोबडं, उजवी बाजू गेली. शेजारी म्हणाले वारं गेलंय, तेल चोळा, एकाने तर कबुतराचं रक्त लावायला सांगितलं. साहेब फोनवर, हॉस्पिटलात नेऊ नका, आयसीयूत टाकून लुटतील, थेंब जिभेवर सोडा. सोडले, तर जोराचा ठसका. लकव्यात बऱ्याचदा नीट गिळता येत नाही, तोंडात दिलेलं श्वासनळीत जाऊ शकतं, पाणीसुद्धा द्यायचं नसतं. ११ वाजता एकदाचा १०८ ला फोन लावला, सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत साडेबारा.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "शेवटच्या नीट कधी होत्या?" गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी हवाच, कारण मेंदूत रक्तस्त्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आमचे साडेपाच तास तेल चोळण्यात आणि साहेबांच्या फोनात गेले होते.

आता आई काठीने चालते, उजव्या हाताने घास घेता येत नाही. साहेबांकडे पैसे मागितले तर म्हणे तुम्हीच पथ्य पाळलं नाही. १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत लकवा आणि बीपी दोन्ही आहेत, म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार टाकलीय. बिलावर बघितलं तर नुसतं 'फूड सप्लिमेंट', लकव्याचं नावसुद्धा नाही. शिबिराचं पोस्टर मी तेव्हाच फेकून दिलं होतं. त्याच माणसाच्या शिबिराचं पोस्टर तुमच्या गावात लागलं असेल तर फोटो काढून ठेवा, मला हवाय.