रॅम टाकू की एसएसडी लावू? आधी तेच काम दोनदा करून पाहा

“भाऊ, सकाळी हे मशीन उठतच नाही. अकरा वाजले की मग बरोबर पळते.” नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका सर्व्हे कार्यालयातला पोरगा सांगत होता. मशीन लिनक्सचं, रॅम ८ जीबी, आत ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी) जुनी हार्ड डिस्क आणि तिच्यावर स्कॅन केलेल्या नकाशांचे हजारो तुकडे. बर्डीवरच्या दुकानदाराने रॅम वाढवायला सांगितलं होतं, साहेबांच्या भाच्याने एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, लावायला. पैसे एकाच गोष्टीपुरते होते.

खरं तर पोराच्या त्या एका वाक्यातच निम्मं निदान होतं. लिनक्स डिस्कवरून जे वाचतो ते मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतो. यालाच पेज कॅश म्हणतात. तीच फाइल पुन्हा मागितली की डिस्ककडे जावंच लागत नाही. पण रात्री मशीन बंद केलं किंवा दुपारी लाइन गेली की कॅश शून्य. मग ८ जीबी असो की ६४, सकाळची पहिली फेरी डिस्कच्याच वेगाने होणार.

दुकानदाराचा सल्ला कुठून आला तेही कळलं. रॅमचा हिशोब दाखवणारी ‘फ्री’ कमांड चालवली की ‘फ्री’ रकान्यात जेमतेम २०० एमबी दिसत होते, म्हणजे रॅम संपली असा त्याचा समज. पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’. तिथे साडेपाच जीबी होते. कॅशमध्ये गेलेली बरीचशी रॅम प्रोग्रामला लागली की लगेच परत मिळते, ती रिकामी ठेवून कोणाचा फायदा?

आता चाचणी. आधी ‘सिंक’ चालवा (लिहायचं राहिलेलं डिस्कवर जातं), मग रूट म्हणजे मशीनचा मुख्य वापरकर्ता होऊन प्रॉक-सिस-व्हीएम या फोल्डरमधल्या ‘ड्रॉप-कॅशेस’ या फाइलीत ३ लिहा. कॅश रिकामी होते, डेटाला धक्का लागत नाही. मग तुमचं नेहमीचं काम वेळ मोजणारी ‘टाइम’ कमांड लावून दोनदा करा. पहिल्यांदा संथ आणि दुसऱ्यांदा झटपट, तर डिस्क मंद आहे पण माल, म्हणजे कामाचा डेटा, रॅममध्ये मावतो. दोन्ही वेळा संथ आणि डिस्क सतत राबत असेल, तर माल मावत नाही. दोन्ही वेळा संथ आणि डिस्क निवांत, तर खिशात हात घालू नका, दुखणं प्रोसेसरचं किंवा नेटवर्कचं आहे. डिस्कचा वेग मोजायला ‘एचडीपार्म’ कमांड वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की तिच्यापुढे मोठा टी (-T) लावला तर येणारा आकडा कॅशचा असतो, डिस्कचा छोट्या टी चा (-t). मोठा आकडा पाहून “डिस्क तर झकास आहे” म्हणणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

आमच्याकडे पहिला निकाल आला. पहिला शोध चार मिनिटांच्या आसपास, दुसरा डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर.

चार मिनिटं का लागतात हे कागदावरही मांडता येतं. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी ४.२. हेड सरकायला आणखी ८ धरा. एका तुकड्याला साधारण १२ मिलिसेकंद, २०,००० तुकड्यांना २४० सेकंद. साध्या साटा एसएसडीला (हार्ड डिस्कच्याच केबलवर बसणाऱ्या) हाच तुकडा शोधायला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे सगळे मिळून दोनेक सेकंद. विखुरलेल्या छोट्या फाइलींच्या कामात फरक असा पडतो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर तो इतका नसतो: हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटा एसएसडी पाचशेच्या वर. तिथे ‘एसएसडीने पन्नासपट’ असली जाहिरात विसरा.

मग रॅम कुठे जिंकते? मशीन दिवसरात्र चालू असेल, तोच डेटा पुन्हा पुन्हा लागत असेल आणि तो थोडक्यासाठी मावत नसेल तेव्हा. कॅशला ६ जीबी उरतात आणि तुम्ही ११ जीबी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोल वाचत राहता, असं समजा. वाटतं की निम्मं तरी कॅशमधून मिळेल. पण पुढचा भाग आत येताना मागचा बाहेर ढकलला जातो आणि फेरी परत आली की तोच नसतो. इथे १६ जीबी केलेत की दुसऱ्या फेरीपासून डिस्क जवळजवळ गप्प. दुसरी खूण ‘व्हीएमस्टॅट’ या कमांडमध्ये: ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने सतत हलत असतील तर मशीन स्वॅपवर, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर घेतलेल्या जागेवर, जगतंय. तेव्हा रॅमच घ्या. एसएसडीवरचा स्वॅप सुसह्य होतो, पण रॅमची बरोबरी करत नाही.

तिसरी शक्यता मी स्वतःच्या पैशाने शिकलो आहे. घरच्या मशीनमध्ये रॅम दुप्पट केली, फरक शून्य. शेवटी डिस्कची तब्येत सांगणारी ‘स्मार्टसीटीएल’ कमांड पाहिली तर १९९ क्रमांकाच्या ओळीतला सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा, आकडा रोज वाढत होता. साटा केबल बदलली, काम झालं. त्याच यादीत १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागा) शून्यापेक्षा जास्त दिसले, तर वेगाचा विचार सोडा, आधी बॅकअप. तापमानही तिथेच दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं असलं तर तेही एकदा पाहून घ्या.

डिस्क राबते की निवांत आहे हे ‘आयोस्टॅट’ कमांड सांगते. ती वाचताना ‘आर-अवेट’ रकान्यावर नजर ठेवा, तो एका वाचनाला लागलेला वेळ मिलिसेकंदांत देतो. ‘युटिल’ (डिस्क किती टक्के वेळ कामात होती) १०० म्हणजे हार्ड डिस्कची दमछाक. एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी, मात्र एकाच वेळी अनेक वाचनं पेलते, तिचे १०० पाहून ती दमली असं समजू नका.

रामदासपेठेत आम्ही साटा एसएसडी लावली, सिस्टीम आणि नकाशे तिच्यावर नेले, जुनी डिस्क बॅकअपला ठेवली. रॅमचा दुसरा स्लॉट अजून रिकामाच आहे. आठवड्याने पोराचा फोन आला: “भाऊ, सकाळी आता पळते. पण फ्री रकान्यात परत १९० एमबीच दिसते.”

दिसू दे म्हटलं.