गच्चीवरची घोळ : फेब्रुवारी ते जुलै

फेब्रुवारीत नागपुरातल्या गोकुळपेठच्या बाजारातून घोळीच्या भाजीची एक जुडी आणली. निम्मी तुरीच्या डाळीत गेली, उरलेल्या आठ-दहा काड्या दोन ग्रोबॅगमध्ये खोचल्या.

पहिली खेप वाया गेली. मेथी-पालकाच्या सवयीनं रोज पाणी घातलं, मातीही निव्वळ काळी. देठ बुडाशी मऊ पडून कुजले. मग निम्मी वाळू मिसळली, पाणी दोन दिवसांआड केलं, सावलीची जाळी काढली. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, टोमॅटो करपले, घोळ मात्र पसरतच होती. बी पेरणार असाल तर वर माती लोटू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. बोंड पिकलं की डबीसारखं झाकण निघतं, आत खसखशीएवढं काळंभोर बी.

सासूबाई पहाटे घोळ खुडू देत नाहीत. "आंबट लागते बाई, दुपार कलू दे." मे महिन्यात एकाच बॅगेतली पानं सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला चावून पाहिली. सकाळचं पान दात आंबवतं, संध्याकाळचं जवळजवळ सौम्य. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात वापरते. सासूबाईंचं बरोबर होतं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

मी ही लावली ती अँटिऑक्सिडंटसाठी, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या घटकांसाठी. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, शिवाय लालसर देठात बीटरूटमध्ये असतात तशी रंगद्रव्यं. ओमेगा-३ हे स्निग्धाम्लही आहे, पालेभाजीत ते इतकं असतं हे 1986 मध्ये सिमोपोलस आणि सालेम यांनी दाखवलं. क जीवनसत्त्व शिजवताना बरंच जातं, म्हणून मूठभर पानं मी कच्चीच दह्यात घालते, वर लसणाची फोडणी. बाकीच्या पानांचे मुटकुळे, म्हणजे पीठ घालून वाफवलेले मुटके. आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. यात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. माझ्या भावाला मी देत नाही.

रानातून खुडताना देठ मोडून बघाच. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं रानतण आहे, टाकून द्या.

आता पावसानं पुन्हा देठ मऊ पडू लागलेत. बॅगा पत्र्याखाली सरकवल्या आहेत, आणि गच्चीच्या फटीत आपोआप उगवलेली चार रोपं मी उपटलेली नाहीत.